नोंदीविना बंदिवास: नळदुर्ग, १९४८

युद्धाच्या काळात शत्रूच्या माणसाला पकडून ठेवणे कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराने निषिद्ध मानलेले नाही. निषिद्ध मानले आहे ते पकडलेल्या माणसाला कागदावरून नाहीसे करणे. लष्करी कैद आणि गुप्त लष्करी कैद यांतला फरक नोंदीत असतो. ज्या ठिकाणी ठेवलेल्या माणसाचे नाव, त्याला तेथे आणल्याची तारीख आणि त्याला ठेवण्याचा हुकूम देणारा अधिकारी या तीन गोष्टी त्याच्या घरच्यांना, वकिलाला आणि न्यायालयाला कळू शकत नाहीत, ते ठिकाण भर चौकात असले तरी गुप्तच ठरते. त्यामुळे या विषयासाठी दूरच्या वाळवंटातले तळ किंवा निर्जन बेटे शोधत जाण्याची गरज नाही. धाराशिव जिल्ह्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, बोरी नदीच्या काठी वसलेल्या नळदुर्गापासूनही हा विचार सुरू करता येतो, आणि मराठी वाचकाने तो तेथूनच सुरू करायला हवा.

नळदुर्गाचा किल्ला बहुतेकांना ठाऊक असतो तो पाणीमहालामुळे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या आरंभी, बोरीचे पाणी किल्ल्यात अडवून जे धरण बांधले गेले त्याच्या पोटातच हा महाल आहे, आणि पावसाळ्यात धरण भरले की नर आणि मादी या नावांनी ओळखले जाणारे पाण्याचे दोन लोट वरून कोसळत असताना आतला माणूस मात्र कोरडा राहतो. १८५३ साली निजामाने इंग्रजांकडे सोपवलेल्या मुलखात नळदुर्ग होता. काही वर्षे जिल्ह्याला नावही त्याचेच होते आणि मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने त्या जिल्ह्याचा कारभार पाहिला. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला, आणि तेव्हापासून सोलापूरच्या बाजूने हैदराबादकडे निघालेल्या कोणत्याही फौजेच्या वाटेवरचा पहिला मोठा अडथळा म्हणजे नळदुर्गाचा किल्ला आणि त्याच्याजवळचा बोरीवरचा पूल, अशी स्थिती राहिली.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली, तेव्हा पहिली लढाई याच ठिकाणी झाली. किल्ल्याच्या बचावासाठी निजामाच्या फौजेची पहिली हैदराबाद इन्फंट्री होती, आणि पूल सुरुंगाने उडवून देण्याचे काम निजामाच्या नोकरीतल्या एका इंग्रज माणसावर सोपवलेले होते. भारतीय तुकड्या इतक्या वेगाने आल्या की पूल शाबूत हाती लागला आणि तो इंग्रजही पकडला गेला. सकाळी नऊच्या सुमारास चिलखती गाड्यांची तुकडी जळकोटला आणि दुपारी सव्वातीनला उमरग्याला पोचली. तुळजापुरात निजामाच्या शिपायांनी आणि सुमारे २०० रझाकारांनी दोन तास झुंज देऊन शरणागती पत्करली, तर लोहाऱ्याकडे निघालेल्या तुकडीला नदीच्या पुराने अडवले. चार दिवसांनी, १७ सप्टेंबरला, निजामाने लढाई थांबवली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सेनापतीने, जनरल एल एद्रूस यांनी, रीतसर शरणागती दिली.

या पहिल्याच दिवशी नळदुर्ग-तुळजापूरच्या परिसरात तीन प्रकारची माणसे भारतीय फौजेच्या हाती लागण्याजोगी होती, आणि पुढच्या साऱ्या प्रश्नाची गाठ या तीन प्रकारांत आहे. पहिला गणवेशातला शिपाई: त्याला पलटण होती, हुद्दा होता, त्याचे नाव हजेरीपटावर होते आणि शरण आल्यावर त्याला कसे वागवायचे याचे संकेत जगभर ठरलेले होते. दुसरा रझाकार, म्हणजे मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेच्या हत्यारबंद दलातला स्वयंसेवक, जो शिपाईही नव्हता आणि पोलीसही नव्हता. तिसरा तो, ज्याला कोणीतरी रझाकार म्हणून दाखवले. पहिल्याला कायदा नीट ओळखत होता, दुसऱ्याला अर्धवट ओळखत होता, आणि तिसऱ्याकडे आपण कोण आहोत हे सिद्ध करण्याचे साधन शेजाऱ्याच्या तोंडच्या शब्दापलीकडे फारसे नव्हते.

या कारवाईला जे नाव दिले गेले त्याचाही येथे विचार करावा लागतो. चिलखती गाड्या, तोफखाना आणि विमाने वापरलेल्या या मोहिमेला सरकारने ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हटले, आणि मराठवाड्यातली जुनी माणसे आजही ‘रझाकारीत’ आणि ‘अ‍ॅक्शनच्या वेळी’ अशी काळाची खूण सांगतात. निजाम सरकारने २१ ऑगस्ट १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केलेली होती, आणि हैदराबाद हे सार्वभौम राष्ट्र नसल्याने हा भारताचा अंतर्गत प्रश्न आहे, अशी भारताची भूमिका होती. ती भूमिका राजकीयदृष्ट्या योग्यच होती. संस्थानातल्या बहुसंख्य प्रजेलाही विलीनीकरण हवे होते. परंतु युद्ध नाही असे म्हटले की युद्धकैदीही नाहीत असे म्हणणे सोपे होते, आणि शांतताकाळातला फौजदारी कायदा लष्करी अंमलाखाली पूर्णपणे चालत नसल्यामुळे, पकडलेला माणूस दोन कायद्यांच्या मधल्या उघड्या जागेत येऊन पडतो. अशा जागेसाठीच १२ ऑगस्ट १९४९ च्या चार जिनिव्हा करारांमध्ये समान असे तिसरे कलम घातले गेले. एकाच देशाच्या हद्दीतल्या सशस्त्र संघर्षातही शस्त्र खाली ठेवलेल्या किंवा पकडलेल्या माणसाला माणुसकीने वागवले पाहिजे, त्याचा छळ करता कामा नये आणि रीतसर न्यायालयाच्या निकालाशिवाय त्याला शिक्षा देता कामा नये, असे ते कलम सांगते. भारताने या करारांना नोव्हेंबर १९५० मध्ये अनुसमर्थन दिले, म्हणजे सही करण्याच्या पुढे जाऊन ते स्वतःवर बंधनकारक करून घेतले. नळदुर्गाची लढाई तोवर दोन वर्षे जुनी झाली होती.

रझाकारीचा काळ कसा होता हे सांगितल्याशिवाय पुढचे सांगणे अन्यायाचे होईल. कासिम रझवी या लातूरच्या वकिलाच्या हाती रझाकारांचे नेतृत्व आल्यानंतर लूट, खंडणी, जाळपोळ आणि हत्या यांनी सीमेवरची गावे हवालदिल झाली. बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात मे १९४८ मध्ये झालेले हत्याकांड आणि ऑगस्टमध्ये हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा झालेला खून ही त्या काळाची दोन टोके होत, कारण रझाकारांनी आपल्याविरुद्ध लिहिणाऱ्या मुसलमानालाही सोडले नाही. स्वामी रामानंद तीर्थ, ज्यांनी नळदुर्गाच्याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक म्हणून वर्षानुवर्षे काम केले होते, जानेवारी १९४८ पासून निजामाच्या तुरुंगात होते आणि पोलीस अ‍ॅक्शन संपतानाच ते सुटले. निजामाची राजवट जुलमी असली तरी स्वामीजी कैदेत आहेत हे सर्वांना ठाऊक होते आणि त्यांच्या सुटकेची मागणी करता येत होती. रझाकारांच्या टोळीच्या हाती सापडलेल्या खेडुतासाठी मात्र ना वॉरंट होते, ना तुरुंगाचे दार, ना कोणत्याही वहीत त्याचे नाव.

विलीनीकरणानंतर संस्थानात लष्करी राज्यपालाची राजवट आली. जनरल चौधरी यांनी १९४९ च्या अखेरीपर्यंत कारभार पाहिला. या काळात रझाकार असल्याच्या संशयावरून हजारो लोकांना ताब्यात घेण्यात आले, आणि तुरुंगांची जागा त्यांना पुरेनाशी झाली. त्यांच्याखेरीज मराठवाड्याला पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेले अरब आणि रोहिले-पठाण, ज्यांचे पूर्वज निजामाच्या फौजेत चाकरीला आले होते, त्यांनाही परदेशी ठरवून स्थानबद्ध करण्यात आले आणि त्यांच्यापैकी अनेकांची देशाबाहेर रवानगी झाली. तेलंगणातल्या कम्युनिस्टांची धरपकड वेगळीच होती. स्थानबद्धता म्हणजे गुन्हा सिद्ध झाला म्हणून नव्हे, तर पुढे गुन्हा करील या भीतीने माणसाला अडकवून ठेवणे. त्यात आरोपपत्र नसते, म्हणून निकालही नसतो, आणि निकाल नसला की कैदेचा शेवटचा दिवस कोणता हे सांगणारे काहीच नसते. हळूहळू छाननी होऊन बऱ्याच जणांना सोडण्यात आले, पण ज्याला कशासाठी धरले हेच कधी लिहून दिले गेले नाही, त्याला कशासाठी सोडले हेही कोणी लिहून देत नाही.

यातली एक विषमता लक्षात घेण्यासारखी आहे. खुद्द कासिम रझवीवर बीबीनगर प्रकरणात विशेष न्यायाधिकरणापुढे खटला चालला, त्याला शिक्षा झाली, आणि ते न्यायाधिकरणच राज्यघटनेतल्या समानतेच्या हक्काशी विसंगत आहे असा युक्तिवाद करत तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५३ मध्ये पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी तो युक्तिवाद फेटाळला, दोघांनी वेगळे मत लिहिले. शिक्षा भोगून १९५७ मध्ये तो सुटला आणि पाकिस्तानात गेला. ज्याने आग लावली त्याला आरोपपत्र, वकील आणि अपील हे सगळे मिळाले, आणि ते मिळायलाच हवे होते. त्याच्या नावाखाली धरल्या गेलेल्या एखाद्या विणकराला किंवा शेतमजुराला यांतले काही मिळाल्याचे क्वचितच दिसते.

कैदेची नोंद ही केवळ कारकुनी बाब वाटत असेल तर तिचे मोल मोजण्यासाठी महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका किल्ल्याकडे पाहावे. अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला इंग्रजांच्या काळापासून लष्कराच्या ताब्यात आहे आणि दोन्ही महायुद्धांत नगर हे शत्रुदेशाच्या नागरिकांना डांबून ठेवण्याचे ठिकाण होते. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना खास आगगाडीने नेण्यात आले. गांधीजींची रवानगी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये झाली आणि नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशा बाराजणांना नगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. त्यांना कोठे ठेवले आहे हे सरकारने सुरुवातीला जाहीर केले नाही, आणि त्या काळात वर्तमानपत्रे व पत्रव्यवहारही बंद होता. किल्ला शहराला दिसत होता, कैदी देशाला ठाऊक होते, तरीही अधिकृत कागदांत या दोहोंची गाठ घातली जात नव्हती. मौलाना आझादांनी येथे लिहिलेली पत्रे ज्या मित्राला उद्देशून होती त्याच्याकडे ती जाऊ शकत नव्हती, आणि पुढे तीच ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपाने आली. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नीचे कलकत्त्यात निधन झाले तेव्हा ते याच किल्ल्यात होते. ज्यांची नावे घराघरांत ठाऊक होती त्यांच्या बाबतीत हे घडले, तर निनावी माणसाच्या बाबतीत काय घडू शकते, हे वेगळे सांगायला नको.

याच काळातला मुंबईच्या केशव तळपदे यांचा खटला विद्यार्थ्यांना कायद्याच्या पुस्तकात भेटतो, पण सामान्य वाचकाला तो ठाऊक नसतो. भारत संरक्षण नियमांपैकी २६ व्या नियमाखाली त्यांना स्थानबद्ध करण्यात आले होते. त्यांनी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. पकडलेल्या माणसाला न्यायालयापुढे उभे करा आणि त्याला कोणत्या अधिकाराने धरले ते सांगा, असा आदेश मागणारा हा अर्ज असतो. मुंबई उच्च न्यायालयात यश आले नाही, परंतु एप्रिल १९४३ मध्ये दिल्लीच्या फेडरल कोर्टाने सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या निकालाद्वारे हा नियमच मूळ कायद्याने दिलेल्या अधिकाराच्या पलीकडचा ठरवला. सरकारने आठवड्याच्या आत वटहुकूम काढून स्थानबद्धता पुन्हा कायदेशीर करून घेतली, आणि १९४५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ग्वायर यांचे मतही अमान्य केले. तरीही महायुद्ध ऐन भरात असताना, परक्या सरकारच्या न्यायालयात, एक मराठी माणूस सरकारचा नियम रद्दबातल ठरवून घेऊ शकला. हे शक्य झाले कारण त्यांच्यावरचा हुकूम कागदावर होता, त्यावर सही होती आणि तो ज्या नियमाखाली काढला त्याचा क्रमांक होता. जिथे कागदच नाही तिथे न्यायाधीश कितीही निर्भीड असला तरी तपासायला त्याच्यापुढे काही येत नाही.

हे ज्यांनी फार चांगले ओळखले होते त्यांनी उलट वाट धरली. ७ डिसेंबर १९४१ रोजी हिटलरच्या हुकुमाने व्यापलेल्या युरोपात ‘रात्र आणि धुके’ या नावाची पद्धत सुरू झाली, ज्यात पकडलेल्यांना गुपचूप जर्मनीत नेले जाई आणि त्यांच्या घरच्यांना काहीही कळू दिले जात नसे; माणूस मेला हे कळण्यापेक्षा तो कोठे आहे हेच न कळणे अधिक दहशत पसरवते, हा त्यामागचा उघड हिशोब होता. आपल्या काळात अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने २००१ नंतर परदेशांत गुप्त बंदिस्थाने चालवल्याची कबुली तिथल्या अध्यक्षांनी ६ सप्टेंबर २००६ रोजी दिली, आणि २०१४ मध्ये सिनेटच्या समितीच्या अहवालात अशा ११९ कैद्यांची मोजदाद आली, ज्यांपैकी किमान २६ जणांना चुकीने धरले होते. एका जर्मन नागरिकाला मॅसिडोनियातल्या एका साध्या हॉटेलात २३ दिवस कोंडून मग अफगाणिस्तानात नेले होते. त्याच्या प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१२ मध्ये मॅसिडोनियाला दोषी धरले. हॉटेलाच्या खोलीला बंदिस्थान व्हायला वेळ लागत नाही.

याच्या विरुद्ध टोकाला युद्धकैद्यांविषयीचा १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार आहे, आणि त्यातले तपशील मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत प्रत्येक कैद्याला एक कार्ड लिहू द्यायचे, जे थेट त्याच्या घरी आणि जिनिव्हातल्या मध्यवर्ती कचेरीकडे जाईल. रेड क्रॉसच्या प्रतिनिधींना छावणीत येऊ द्यायचे. आणि शक्य तेथे दिवसा आकाशातून दिसतील अशी ‘पी. डब्ल्यू.’ ही अक्षरे छावणीवर रेखाटायची. छावणी लपवायची नाही, उलट शत्रूच्या वैमानिकालाही ती ओळखू आली पाहिजे, असा हा विचार आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर साडेचार हजारांहून अधिक पोर्तुगीज भारताच्या ताब्यात आले, तेव्हा त्यांना फोंडा, नावेली अशा ठिकाणच्या छावण्यांत ठेवण्यात आले आणि १९६२ च्या मे महिन्यापर्यंत त्यांची पाठवणी पार पडली. शत्रू परदेशी होता आणि त्याच्या मागे विचारणा करणारे सरकार होते, म्हणून तेथे यादी होती. तेरा वर्षांपूर्वी मराठवाड्यात पकडलेल्या माणसांच्या मागे विचारणा करणारे कोणी उरले नव्हते.

तरीही अशी विचारणा एकदा झाली होती. मराठवाड्यातून येणाऱ्या बातम्यांनी अस्वस्थ होऊन पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना सद्भावना मंडळ म्हणून संस्थानात पाठवले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या दिवसांत ते १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले आणि शंभरांहून अधिक गावांतल्या पाचशेवर लोकांशी बोलले. त्यांच्या अंदाजानुसार पोलीस अ‍ॅक्शनच्या दरम्यान आणि नंतर किमान २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली, त्यांपैकी निदान १८ हजार केवळ उस्मानाबाद (म्हणजे आताचा धाराशिव), गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत. मारले गेलेले मुख्यतः मुसलमान होते. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड हे कारण अहवालाने झाकले नाही; काही ठिकाणी गणवेशातली माणसेही लुटीत आणि हत्येत सामील होती हेही लिहिले, आणि अनेक अधिकाऱ्यांनी लोकांना वाचवले हेही नोंदवले. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांना स्वतःचा जीव धोक्यात घालून पाठीशी घातले, ही त्यातली नोंद तर प्रत्येक मराठी घरात ठाऊक असायला हवी. सरदार पटेलांना मंडळाचे काम आणि अधिकार दोन्ही मान्य नव्हते. अहवाल सरकारने छापला नाही. त्यातला काही भाग अभ्यासकांच्या लिखाणातून बाहेर आला आणि २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो लोकांना पाहायला मिळू लागला. मधली सहा दशके धाराशिव जिल्ह्याच्या स्मरणात १७ सप्टेंबरचे झेंडावंदन होते आणि ते रास्त होते, पण त्याच्या शेजारी ठेवण्याचा कागद मात्र कपाटात बंद होता.

या अहवालातल्या दोन आकड्यांकडे थोडे थांबून पाहावे. २७ हजार आणि ४० हजार यांच्यामध्ये १३ हजारांचे अंतर आहे. मंडळाच्या सदस्यांची ती हयगय नव्हती; तीन आठवड्यांत, मोडलेल्या गावांतून फिरताना, कोण मारला गेला, कोण पळून हैदराबादेस गेला आणि कोणाला धरून नेले हे वेगळे करण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते. धरून नेलेल्यांची यादी गावागावांत लावलेली असती तर निदान तेवढी नावे मेलेल्यांच्या शंकेतून बाहेर काढता आली असती, आणि उरलेल्यांचा शोध घेता आला असता.

माणसाला सक्तीने नाहीसे करण्यापासून संरक्षण देणारा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारला आणि तो डिसेंबर २०१० पासून अंमलात आला. भारताने त्यावर ६ फेब्रुवारी २००७ रोजी सही केली आहे, अनुसमर्थन अजून दिलेले नाही. त्याचे सतरावे कलम कोणत्याही परिस्थितीत कोणालाही गुप्त कैदेत ठेवण्यास मनाई करते आणि त्यापुढे जाऊन कैदेच्या रजिस्टरात कोणते रकाने असावेत हेही सांगते: माणसाची ओळख, त्याला धरल्याची तारीख, वेळ आणि जागा, हुकूम देणारा अधिकारी व त्याचे कारण, कैदेचे ठिकाण व तेथे दाखल झाल्याची वेळ, प्रकृती, सुटकेची किंवा दुसरीकडे हलवल्याची तारीख, आणि कैदेत मृत्यू आला असल्यास त्याचे कारण व देह कोठे नेला ते ठिकाण.